खानदेशांतील वर्षारंभ आणि घरामागचा परस

नवें वर्ष कोणत्या दिवशीं लागतें, या प्रश्नाला पंचांग एकच उत्तर देतें. परंतु शंभर वर्षांपूर्वींच्या जळगांवांत किंवा धुळ्यांत एखाद्या लांबट आळींतून जाऊन दारोदार हाच प्रश्न कोणी विचारला असता, तर दर दोन-चार घरांगणिक उत्तर बदललें असतें. भटजींनीं चैत्र शुद्ध प्रतिपदा सांगितली असती. कापसाच्या पेढीवरील शेटजींनीं दिवाळींतील पाडव्याकडे बोट दाखविलें असतें. जुन्या कुलकर्ण्यानें मृगाचें नांव घेतलें असतें, कचेरींतील कारकुनानें जानेवारीची पहिली तारीख सांगितली असती. आणि वाड्याच्या मागल्या दाराशीं बैलांपुढें वैरण टाकणाऱ्या सालदारानें, मान वर न करतां, 'आखाजी' एवढा एकच शब्द उच्चारला असता. सर्वांचीं उत्तरें खरींच होतीं. एकाच गांवांत, कित्येकदां एकाच छपराखालीं, चार-पांच वर्षें निरनिराळ्या दिवशीं सुरू होत.

या विविधतेमागें खानदेशाचा सारा राजकीय इतिहास उभा आहे. शालिवाहन शक येथें पूर्वापार चालत आलेला. तुघलखांच्या काळीं, सन १३४४ च्या सुमारास, दक्षिणेंत शुहूर सन सुरू झाला. सूर्य मृग नक्षत्रांत शिरला कीं या सनाचें वर्ष पालटे, म्हणून लोक त्यास मृगसालही म्हणत. १६०१ सालीं अकबरानें अशीरगड घेऊन फारुकी राज्य बुडविलें, आणि पुढें शहाजहानच्या अमदानींत दक्षिणेंत फसली सन चालू झाला. त्याचेंही वर्ष मृगापासूनच धरूं लागले. सारा धान्यांतून यावयाचा आणि धान्य पावसांतून, तेव्हां पावसाच्या तोंडीं वर्ष सुरू करणें हें राज्यकर्त्याच्या सोयीचें होतें. मराठ्यांच्या दप्तरांतील कागदांवर हा शुहूर सन अरबी अंकशब्दांनीं लिहिलेला सांपडतो. अशा कागदांच्या शोधांत ज्यांनीं आयुष्य वेंचलें, त्या इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांचा अंत धुळ्यासच, ३१ डिसेंबर १९२६ रोजीं, म्हणजे इंग्रजी वर्षाच्या अगदीं शेवटच्या दिवशीं झाला. आणि त्यांचें कार्य पुढें चालावें म्हणून १९२७ मध्यें तेथें राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें.

१८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या हातीं आला आणि कॅप्टन ब्रिग्ज यानें धुळें हें कारभाराचें मुख्य ठाणें केलें. त्याजबरोबर कचेरींत जानेवारी आली. नव्या शिक्षणाच्या कित्येक मंडळींस ही जानेवारी सृष्टीच्या आरंभापासून चालत आल्यासारखी वाटे. परंतु खुद्द इंग्लंडांत कायदेशीर वर्ष पंचवीस मार्च रोजीं सुरू होत असे, तें एक जानेवारीवर आणलें गेलें १७५२ सालीं. म्हणजे हा नियम ब्रिग्जसाहेबाच्या आगमनाहून अवघ्या ६६ वर्षांनीं जुना. शिवाय सरकारासही एक वर्षारंभ पुरला नाहीं. मुंबई इलाख्यांत जमीनमहसुलाचें वर्ष ऑगस्टच्या पहिल्या तारखेस लागे, आणि जमाखर्चाचें सरकारी वर्ष १८६७ पासून एप्रिलच्या पहिल्या तारखेस लागूं लागलें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१ ते १८६५) कापसास सोन्याचा भाव आला, त्याच दशकांत आगगाडी खानदेशांत पोहोंचली, आणि जळगांवची पेठ वाढली. गुजराथी व मारवाडी व्यापाऱ्यांचा व्यवहार वाढला, तसा त्यांच्या विक्रम संवताच्या वह्यांचाही वाढला. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगांव एकाचें ठाणें, धुळें दुसऱ्याचें. कालगणना मात्र दोन्हीकडे तशीच मिश्र राहिली.

एवढ्या वर्षारंभांपैकीं घरांतील माणसें मनाशीं कांहीं ठरवीत, तें कोणत्या दिवशीं? येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी लागते. 'संकल्प' हा शब्द जुना असला, तरी त्याचा आजचा अर्थ फार जुना नाहीं. पाडव्याच्या पूजेच्या आरंभीं जो संकल्प सोडीत, त्यांत संवत्सराचें नांव येई, शक येई, गोदावरीचा तीर येई. खानदेश गोदावरीच्या उत्तरेस, म्हणून येथें उत्तर तीर. एवढें सारें झाल्यावर यजमानाचें गोत्र आणि नांव; आणि शेवटीं जें मागावयाचें तें साऱ्या कुटुंबासाठीं मागावयाचें. 'मी पहांटे उठेन', 'मी चहा कमी करीन' असलें एकट्याचें व्रत त्यांत बसत नसे. तें आलें छापील रोजनिशीबरोबर. इंग्रजी शाळेंत शिकलेल्या कारकुनानें किंवा वकिलानें एक जानेवारीस नवी डायरी उघडावी, पहिल्या पानावर सुबक अक्षरांत चार निश्चय लिहावे, त्यांपैकीं एक बहुधा १८८२ सालीं निघालेल्या पोस्टाच्या बचत बँकेंत दरमहा रुपया टाकण्याचा असावा, आणि संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत पानें कोरीं पडूं लागावींत, ही रीत सुशिक्षित घरांतून रुळली. या डायऱ्यांची थट्टा करण्याचें कारण नाहीं. माणसानें स्वतःच्या आयुष्याचा हिशेब स्वतःपाशीं मागावा, ही कल्पना आपल्याकडे नवी होती आणि चांगली होती. परंतु ती डायरी घरांतील एकाच माणसाजवळ असे.

खानदेशांतील घराचें वर्ष खरोखर पालटे तें आखाजीस. वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे अक्षय्य तृतीया, इतर महाराष्ट्रांत साडेतीन मुहूर्तांपैकीं एक म्हणून पाळतात. खानदेशांत तिचें महत्त्व दिवाळीच्या बरोबरीचें. पितरांच्या नांवानें नवी मातीची घागर भरावयाची, तिच्यावर लहान मडकें, त्यावर खरबूज, सांजोऱ्या आणि आंबे ठेवावयाचे. खरबूज येई तें तापी-गिरणेच्या उन्हाळ्यांत उघड्या पडलेल्या वाळूंतील वाड्यांतून. पितरांस दाखविल्यावांचून नव्या सालाचा आंबा चाखावयाचा नाहीं, हा नियम कडक घरांतून लहान मुलांनाही लागू असे. आमरस आणि पुरणपोळी झाली, कीं लिंबाच्या फांद्यांवर झोके चढत. सासरीं गेलेल्या मुली या दिवसांसाठीं माहेरीं येत. गौराईचीं गाणीं म्हणत, झिम्मा-फुगडी खेळत, आणि वर्षांतून एकदांच आपल्या पूर्वीच्या नांवानें हांक ऐकत. पुरुष पत्ते घेऊन बसत. इतर वेळीं जुगारास नांवें ठेवणारीं वडील माणसें आखाजीच्या दिवसांत तिकडे डोळेझांक करीत. कित्येकांची सालभराची शिल्लक दोन-तीन रात्रींत संपे. सणाच्या गोड वर्णनांतून ही बाजू सहसा गळते.

आखाजीस आणखी एका माणसाचें वर्ष पालटे. सालदार म्हणजे सालाच्या बोलीनें राहणारा शेतगडी. त्याची बोली आखाजीपासून आखाजीपर्यंत. मोबदल्यांत ठरलेली ज्वारी, कांहीं रोकड, कोठें घोंगडी, कोठें जोडा. त्या एका दिवशीं तो कोणाचाही नसे. जुन्या मालकाकडील हिशेब मिटला आणि नव्याची बोली ठरावयाची आहे, या मधल्या कांहीं तासांत तो खरोखर मोकळा असे. पण बहुतेकांस हा मोकळेपणाही पुरता लाभत नसे. लग्नासाठीं, आजारासाठीं, दुष्काळांतील पोटासाठीं घेतलेली उचल फिटली नसेल, तर पुढचें साल त्याच दारीं काढावें लागे; आणि त्या सालांत पुन्हां उचल. नव्या वर्षाचा निश्चय करावयाचा तर पुढचें वर्ष आपलें असावें लागतें. सालदारानें तें आधींच विकलेलें असे. असल्या कर्जबंदीच्या मजुरीस कायद्यानें मनाई झाली ती १९७६ सालीं. आखाजीची बोली हा रिवाज त्यानंतरही चालू राहिला.

याच सणास घरांतील बायका जमिनींत हात घालीत. अक्षय्य तृतीयेस आळें करून लावलेलें बीं फुकट जात नाहीं, असा जुना समज आहे. शहरांतील श्रोत्यांस ही भाबडी श्रद्धा वाटेल. परंतु वैशाखांतील खानदेश ज्यांनीं अनुभवला आहे, त्यांना तिच्यांतील धाडस कळेल. या दिवसांत पारा ४५ अंशांवर जातो, मृगाचा पाऊस महिन्याहून अधिक दूर असतो. अशा वेळीं बीं टोंचावयाचें म्हणजे पाऊस येईपर्यंत रोज त्याला पाणी घालण्याची जबाबदारी पत्करावयाची. तें जगलें तर पावसाळा लागतांना वेल मांडवावर चढलेला असतो, आणि मृगावर बीं टाकणाऱ्या शेजारणीच्या आधीं पंधरा दिवस घरांत भाजी येते. पाडव्याच्या संकल्पास पळीभर पाणी पुरे, आखाजीच्या आळ्यास रोज तांब्याभर लागे.

आणि पाणी कोठून आणावयाचें? विहीर किंवा आड असला तरी उन्हाळ्यांत त्याचा तळ दिसे. पोहऱ्यानें शेंदून आणलेलें पाणी प्रथम पिण्यास, मग स्वयंपाकास, मग न्हाणीस. परसाला मिळे तें न्हाणीचें आणि खरकट्या भांड्यांचें. त्यामुळें घरामागच्या बागेचा नकाशा न्हाणीच्या मोरीपासून आंखला जाई. मोरीच्या तोंडाशीं अळू आणि केळीचें बेट, कारण दोघांनाही ओल हवी. तेथून पुढें पपई, लिंबू. सर्वांत दूर, कोरड्यांत, शेवगा आणि कढीलिंब. कुंपणावर गिलकीं, दोडकीं, कारलीं. गोठ्याच्या छपरावर गंगाफळाचा वेल. वांग्या-मिरचीचीं चार रोपें. तुळशीला मात्र खरकटें पाणी चालत नसे. तिच्यासाठीं शुद्ध पाण्याचा तांब्या निराळा. बाग केवढी असावी हें जागेवरून ठरत नसे, घरांत किती माणसें आंघोळ करतात यावरून ठरे. दहा माणसांच्या कुटुंबाची केळ जगे. मुलगे नोकरीस पुण्या-मुंबईस गेले, कीं एक-दोन उन्हाळ्यांत ती वाळे.

या परसांतील झाडांची कुळकथाही ऐकण्याजोगी आहे. वांगें, केळ, अळू, शेवगा हीं आपल्याकडे फार प्राचीन काळापासूनचीं. परंतु ज्या मिरचीवांचून खानदेशी भाजीची कल्पनाच करवत नाहीं, ती कोलंबसानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिकेहून आली. पपई तिकडचीच, पेरू तिकडचाच. दसऱ्याच्या तोरणांतील झेंडू मेक्सिकोचा. आणि ज्यास खानदेश गंगाफळ म्हणतो, त्या तांबड्या भोपळ्यानें गंगा जन्मांत पाहिलेली नव्हती, तोही अमेरिकेचाच. एकाही आजीनें या परक्यांना परसाबाहेर ठेवलें नाहीं. जें उगवलें आणि शिजलें तें घरचें, एवढाच तिचा नियम.

भरिताचें वांगें हें मुख्यतः शेतांतलें पीक. यावल तालुक्यांतील बामणोद आणि जळगांवजवळील असोदें यांचीं मोठीं, फिकट हिरवीं वांगीं प्रसिद्ध आहेत, आणि 'जळगांवचें भरिताचें वांगें' यास आतां भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. हीं वांगीं थंडींत येतात. नाताळच्या सुटींत शिकणारीं मुलें घरीं येत, तेव्हां कपाशीच्या वाळल्या काड्यांवर तीं भाजलीं जात, लांकडी भांड्यांत ठेंचलीं जात, आणि कळण्याच्या भाकरीबरोबर रात्रीं मळ्यांत पंगत बसे. जानेवारीच्या नववर्षाचा खानदेशी शेतकऱ्यास कांहीं उपयोग झाला असेल तर तो एवढाच, कीं तें भरिताच्या दिवसांत येतें.

परसाची भाजी कांहीं बारा महिने पुरत नसे. म्हणून फाल्गुनापासून वैशाखापर्यंत धाब्याच्या सपाट छतावर दुसरी बाग भरे. कुरडया, पापड, सांडगे, वाळविलेल्या भाज्यांच्या काचऱ्या. रात्रीं त्याच धाब्यावर सारें घर निजे, म्हणून संध्याकाळीं सारें उचलावयाचें आणि सकाळीं उन्हें तापण्यापूर्वीं पुन्हां मांडावयाचें. एक पिकलेलें गिलकें वेलावर मुद्दाम वाळूं द्यावयाचें, त्याचें बीं राखेंत घोळून मडक्यांत ठेवावयाचें. माहेराहून परतणारी मुलगी सांजोऱ्यांबरोबर बियांची पुरचुंडीही नेई. वाणाचा असा प्रवास मायलेकींच्या हातून होत गेला.

पाण्याचीच दुसरी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. धुळें भागांत पांझरा नदीवर जुने बंधारे आहेत, आणि त्यांच्या पाटाखालचें क्षेत्र 'फडां'त वांटलेलें असे. एका फडांत एका सालीं एकच पीक घ्यावयाचें, तें कोणतें हें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें, आणि पाणी वांटण्यास पाटकरी नेमावयाचा, अशी ही पद्धत शतकानुशतकें चालली. शेतांत जें गांव मिळून ठरवी, तें परसांत एकटी बाई ठरवी. फडाची व्यवस्था सरकारी अहवालांत नोंदली गेली, इंजिनियरांनीं तिची तारीफ केली. न्हाणीच्या मोरीचा अहवाल कोणी लिहिला नाहीं.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत परसही सुटले नाहींत. दुसरा दुष्काळ गुजराथ-राजपुतान्यांत 'छप्पनिया' म्हणून ओळखला जातो, कारण संवत १९५६ मधील तो. व्यापाऱ्याच्या वहीवरील सालानें भुकेला नांव दिलें, हें त्या काळाचें एक विलक्षण चिन्ह आहे. पहिल्या दुष्काळाच्याच सुमारास प्लेगही इलाख्यांत शिरला होता.

पुढें दुसऱ्या महायुद्धांत धान्याची टंचाई झाली, १९४३ मध्यें मुंबईंत रेशनिंग आलें, आणि सरकारनें 'अधिक धान्य पिकवा' अशी मोहीम काढली. विलायतेंत बागांतील हिरवळ उकरून बटाटे लावीत होते. अमेरिकेंत 'विजयबागा' निघाल्या होत्या. इकडेही पत्रकें आलीं, भाषणें झालीं, आणि अंगणांत भाजी लावणें हें एकाएकीं देशकार्य ठरलें. खानदेशांतील म्हाताऱ्या बायकांना या उपदेशाचें काय वाटलें असेल, हें सांगणें कठीण नाहीं.

त्यांना काय वाटलें, हें लिहून मात्र कोणी ठेवलें नाहीं; आणि घराचा इतिहास लिहूं पाहणाऱ्याची मोठी अडचण हीच आहे. जुन्या घरांतून जमाखर्चाच्या वह्या निघतात. त्यांत मिठाची, तेलाची, न्हाव्याची, भटजीच्या दक्षिणेची नोंद असते. बाजारांतून आणलेल्या भाजीचे दोन आणेही असतात. परसांतून आलेल्या भाजीची नोंद नसते, कारण तिला पैसा पडला नाहीं. ज्या महिन्यांत भाजीचा खर्च लिहिलेला नाहीं, त्या महिन्यांत घरांत भाजी शिजली नाहीं असें कोणी समजूं नये. वहीची ती कोरी ओळ म्हणजे एका बाईचे तीस दिवसांचे कष्ट. कारकुनानें बचत बँकेंत टाकलेला रुपया पुष्कळदां तेथूनच वांचलेला असे, पण पासबुकावर नांव त्याचें.

अशा न लिहिलेल्या वर्षांपैकीं एकीचें वर्ष दैवयोगानें लिहिलें गेलें. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजीं असोदें येथें झाला. जळगांवच्या चौधरी घराण्यांत त्या लहान वयांत सून म्हणून आल्या, आणि तिशीच्या सुमारास विधवा झाल्या. मुलें लहान, शेतीचा पसारा, एकत्र कुटुंबांतील वांटण्या. प्लेगनें त्यांच्या एका मुलाचें शरीर कायमचें अधू केलें. त्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. जात्यावर दळतांना, शेतांत राबतांना त्या लेवा गणबोलींत गाणीं रचीत आणि म्हणत. पेरणी, कापणी, मळणी, चूल, जातें, माहेराची वाट हे त्यांचे विषय. गुढी उभारण्यावर त्यांचें गाणें आहे, आखाजीवर आहे. अशी रोजनिशी त्या काळच्या दुसऱ्या कोणत्या कारकुनाच्या टेबलावर सांपडावयाची नाहीं. मुलगा सोपानदेव, स्वतः कवि, आणि एक नातेवाईक यांनीं तीं गाणीं वेळोवेळीं उतरून घेतलीं म्हणून तीं राहिलीं. जीं कोणीं उतरून घेतलीं नाहींत, तीं गेलीं. ३ डिसेंबर १९५१ रोजीं बहिणाबाई वारल्या. सोपानदेवांनीं तें हस्तलिखित आचार्य अत्र्यांस दाखविलें, आणि १९५२ सालीं 'बहिणाबाईंचीं गाणीं' हें पुस्तक अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघालें. छापील प्रत पाहण्यास त्या नव्हत्या. असत्या तरी त्यांना ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली असती. २०१८ मध्यें जळगांवच्या विद्यापीठास त्यांचें नांव देण्यांत आलें.

धाब्याचीं घरें आतां थोडीं उरलीं आहेत. नव्या वसाहतींतून न्हाणीचें पाणी नळीवाटे गटारांत जातें, आणि स्लॅबवरील कुंड्यांना वरून वेगळें पाणी घालावें लागतें. केळ कुंडींत येत नाहीं, अळू मात्र येतो. आखाजीच्या आदल्या आठवड्यांत जळगांव-धुळ्याच्या बाजारांत मातीच्या घागरींच्या राशी अजून लागतात, शेजारीं खरबुजांचे ढीग असतात. जुन्या जळगांवांतील चौधरी वाड्यांत बहिणाबाईंच्या स्मृतीचें संग्रहालय झालें आहे. तेथें शेतीचीं अवजारें आणि स्वयंपाकघरांतील भांडीं, त्यांच्या हातांखालून गेलेलीं, जपून ठेविलीं आहेत.